मोडी अक्षर आणि आमच्या शाळा

ह्या महोत्सवाच्या अंकासाठीं आम्हीं आमच्या देवमंदिराचा इतिहास लिहावा अशी स्मरणिका समितीची इच्छा होती. परंतु तें काम आमच्याहून अधिक माहितगार अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं ह्याच अंकांत उत्तम रीतीनें केलें आहे. देवळाच्या पायाचा दगड कोणी बसविला व घंटा कोठून आणिली, हें पुनः आमच्या तोंडून ऐकण्यांत वाचकांस गोडी वाटणार नाहीं. म्हणून समितीची क्षमा मागून आम्ही थोडा निराळा, पण आमच्या घराघरांशीं संबंध असलेला विषय घेत आहों.

पालकांच्या एका सभेंत असा प्रश्न निघाला कीं, मुलांस इंग्रजी लपेटीचें अक्षर, म्हणजे एकास एक जोडून लिहिलेलें अक्षर, अजून कां शिकवावें? सर्व कांहीं यंत्रावर छापून मिळतें, पत्रें कोणी लिहीत नाहींत, आणि सही पुरती आली म्हणजे झालें, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. तथापि तें ऐकतांना आमच्या मनांत दुसरीच गोष्ट घोळत होती. लपेटीचें अक्षर ही इंग्रजांचीच मिरास नव्हे. आमच्या मराठी भाषेसही स्वतःचें लपेटीचें अक्षर होतें. तें शतकानुशतकें चाललें. शाळेंत शिकविलें जात होतें. आणि मग एके काळीं तें शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. त्या गोष्टीस आतां सुमारें पाऊणशें वर्षें झालीं. तेव्हां असें अक्षर शाळेंतून गेल्यानें पुढें काय होतें, हें पाहण्यास अटकळी बांधण्याची गरज नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें त्याचा पुरावा आहे. तें अक्षर म्हणजे मोडी.

तरुण वाचकांसाठीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. आज आपण जी मराठी वाचतों व छापतों तिच्या लिपीस पूर्वी बाळबोध म्हणत. बाळबोध म्हणजे बालकासही बोध होईल अशी, सुटी, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळें दाखविणारी. पोथ्या, पुराणें, स्तोत्रें बाळबोधींत लिहीत. परंतु सरकारी हुकूम, जमाखर्च, सावकाराच्या वह्या, जमिनीचीं खतें व घरगुती पत्रें हीं सर्व मोडींत. लेखक आधीं कागदावर डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढी. मग त्या रेघेस एकामागून एक अक्षरें अशीं टांगी कीं, बोरू शक्य तितका कमी उचलावा लागे. काना, मात्रा, वेलांटी हीं वेगळीं द्यावयाचीं नाहींत. अक्षराच्याच पोटांतून वळसा घेऊन तीं बाहेर पडत. शब्द संपला म्हणून जागा सोडावयाची नाहीं, वाक्य संपलें म्हणून दंड द्यावयाचा नाहीं. ओळ भरली कीं खालची ओळ, कागद भरला कीं त्यास दुसरा बंद डकवावयाचा. वेळूसारख्या बोरूचें टोंक चाकूनें तिरपें तासून लेखणी करीत. काजळ व डिंक घोटून शाई करीत. आणि ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून तीं सुकवीत.

ही लिपि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, ज्यास आपण हेमाडपंत म्हणतों, त्यानें तेराव्या शतकांत चालू केली अशी परंपरा आहे. त्यानें ती लंकेहून आणिली असेंही कोणी सांगतात; पण त्यावर फारसा विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. हेमाडपंताच्या नांवावर आमच्या लोकांनीं देवळें, विहिरी व बाजरी इतकें कांहीं घातलें आहे कीं त्यांत एक लिपि जास्त झाली तर नवल नाहीं. मोडणें ह्या धातूवरून मोडी हें नांव आलें, म्हणजे बाळबोध अक्षर मोडून वांकवून केलेलें तें मोडी, ही व्युत्पत्ति मात्र पटण्यासारखी आहे. काळ पालटला तशी तिची ठेवणही पालटली. यादवांच्या व बहामनीच्या काळची मोडी निराळी, शिवशाहीची निराळी, पेशवाईची निराळी. पेशवाईंत ती इतकी गोलाईदार व एकसारखी झाली कीं कित्येक कागद दुरून पाहिले असतां वेलबुट्टीचें काम वाटतें. चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशीं तिचीं वळणेंही प्रसिद्ध होतीं.

वळण हा शब्द येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. आमच्या भाषेंत हाताचें अक्षर तेंही वळण आणि मुलाची रीतभात तीही वळण. पंतोजीच्या शाळेंत मूल आधीं धुळीच्या पाटीवर बोट फिरवी, मग कित्ता गिरवी. आणि एकच ओळ शंभर वेळ गिरविल्यावर हातास जें वळण लागे तें जन्मभर सुटत नसे. कित्ता गिरविणें हा वाक्प्रचार आजही आपण सहज वापरतों. तो ज्या वस्तूवरून आला ती आपल्यापैकीं फार थोड्यांनीं पाहिली असेल.

आतां ह्या लिपीचे दोषही सांगितले पाहिजेत; नाहींतर आमचा लेख एकांगी होईल. मोडींत इकार एकच आणि उकारही एकच. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. त्यामुळें दिन आणि दीन, सुत आणि सूत हे शब्द सारखेच दिसतात. अनुस्वार पुष्कळदां गाळीत. शब्द तोडण्याची रीतही विलक्षण होती. परगणे, मुक्काम, मजकूर असे नेहमींचे शब्द पहिल्या अक्षरावरच भागवून पुढें एक खूण करीत; जाणत्यानें तें ओळखावें. शिवाय भाषेंत फारशी व अरबी शब्दांचा भरणा. अमका बिन तमका असें कागदांत आलें म्हणजे आजचा विद्यार्थी बिन ह्याचा अर्थ वांचून असा घेतो आणि गोंधळतो. तेथें बिन म्हणजे पुत्र.

मोडीच्या ह्या घसरड्या स्वभावाची एक आठवण मराठी भाषेनें कायमची जपली आहे. इ. स. १७७३ च्या ३० आगस्टला पुण्याच्या शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव ह्यांनीं गारद्यांस त्यांना धरावें असें लिहून दिलें होतें, आणि आनंदीबाईनें एक अक्षर फिरवून मारावें असें केलें, अशी कथा आहे. ध चा मा करणें हा वाक्प्रचार तीवरूनच निघाला. कथा खरी कीं लोकांनीं मागाहून रचिलेली, हा वाद इतिहासकारांचा आहे. आम्ही त्यांत पडत नाहीं. पण गंमत अशी कीं, आज महाराष्ट्रांत हा वाक्प्रचार लहानथोरांच्या तोंडीं आहे आणि मोडींतील ध कसा व मा कसा हें शंभरांत एकासही सांगतां येणार नाहीं.

ख्रिस्ती वाचक येथें विचारतील कीं, आमचा ह्या मोडीशीं संबंध काय? आमच्या पूर्वजांचें ग्रंथवाङ्मय तर रोमन लिपींत. हें खरें आहे, आणि त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना गोव्यास इ. स. १५५६ मध्यें आला. त्यानंतर फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि मराठींत असे पारंगत झाले कीं त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण रचिलें. तें राचोल येथें १६१६ मध्यें छापून निघालें, पण रोमन अक्षरांत. ही त्यांची आवड नव्हती. रोम येथील आपल्या संघाच्या वरिष्ठांस १६०८ मध्यें लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें आहे कीं, ह्या देशाच्या भाषेंत व ह्याच देशाच्या अक्षरांत पुस्तकें छापिलीं जावींत अशी आपली पुष्कळ वर्षांची उत्कंठा आहे, जशीं तीं मलबारांत निघालीं. (तिकडे तमिळ अक्षरांत १५७८ मध्येंच पुस्तक छापिलें होतें.) अडचण ठशांची होती. युरोपांत चोवीस अक्षरांवर काम भागतें, येथें सहाशें ठसे पाडावे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. ते ठसे पडले नाहींत. फादर स्टीफन्स १६१९ मध्यें निवर्तले, क्रिस्तपुराणाच्या पुढच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्यें त्याच परक्या अक्षरांत निघाल्या. आणि संपूर्ण ग्रंथ देवनागरींत छापलेला पाहण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. तीनशें चाळीस वर्षें एका थोर मराठी काव्यास बहुतेक मराठी वाचक मुकले, तें भाषेच्या अडचणीनें नव्हे, अक्षराच्या अडचणीनें. लिपि म्हणजे नुसता अंगरखा, हवा तेव्हां बदलावा, असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पण ग्रंथ रोमन लिपींत असले तरी आमचे लोक जगत होते ते जमिनीवर, आणि जमिनीचे कागद ग्रंथाच्या लिपींत नसतात, सरकारच्या लिपींत असतात. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा कोट घेतला, आणि दोनशें वर्षांचा पोर्तुगीज अंमल सरला. फिरंगी अधिकारी जहाजांत बसून गेले. आमचे पूर्वज शेतकरी, बागाईतदार, कोळी हे येथेंच राहिले. मधला इंग्रजांचा अल्प ताबा सोडल्यास त्यानंतर १८१८ पर्यंत ह्या प्रांताचा कारभार पुण्याच्या सरकारचा. म्हणजे सारा, वहिवाट, माफी, तक्रार, निवाडा हें सर्व मोडींत. इंग्रजी राज्यांतही तलाठ्याचें दप्तर, खरेदीखत व गहाणखत पुष्कळ वर्षें मोडींतच चाललें. अशा रीतीनें वसईच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यावर एक चमत्कारिक प्रसंग आला. त्याच्या पूर्वजांच्या स्नानसंस्काराची व विवाहाची नोंद पोर्तुगीज भाषेंत, उपासनेचे शब्द लॅटिन भाषेंत, आणि घरामागची वाडी, बावखल व नारळीचीं झाडें कोणाचीं हें मोडींत. पहिलें धर्मगुरु वाचीत, दुसरें आतां वेदीवर मराठींत झालें आहे. तिसरें मात्र पेटींत आहे, आणि तें वाचणारा गांवांत कोणी उरलेला नाहीं.

असे कागद आमच्याकडे मधून मधून येतात. सेमिनरींत शिकलेला धर्मगुरु म्हणजे त्यास सर्व जुनीं अक्षरें येणारच, अशी भोळ्या मंडळींची समजूत असते. आम्ही मोडी शिकलों ती चाळिशीनंतर, आणि तीही बेताचीच. परंतु त्या अल्प विद्येवरही आम्हीं पाहिलें आहे कीं, ज्या कागदास घरच्यांनीं वाडीची सनद समजून पिढ्यानुपिढ्या रेशमी फडक्यांत जपलें तो सावकाराच्या व्याजाचा हिशेब निघतो. आणि जो कागद फुटक्या डब्यांत पडलेला असतो त्यांत दोन भावांच्या वांटणीची हद्द झाडांच्या नांवांनिशीं लिहिलेली असते.

आतां मोडी गेली कशी, तें पाहूं. तिला पहिला धक्का छापखान्यानेंच दिला. जोडून लिहिलेलें अक्षर ठशांत पकडणें कठीण. तरी आरंभीं तसा प्रयत्न झाला होता. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्या बाप्टिस्ट मिशनऱ्यानें १८१० मध्यें मराठीचा कोश छापिला तो मोडी ठशांत. कारण त्या काळीं व्यवहारांत सर्वत्र हीच लिपि, हें त्यानें जाणलें होतें. परंतु पुढें मुंबईस अमेरिकन मिशनच्या व इतर छापखान्यांतून बाळबोध ठसे सुबक निघूं लागले आणि छापील मराठी म्हणजे बाळबोध मराठी असें ठरून गेलें. मोडीचीं शालेय पुस्तकें निघत, तीं बहुधा शिळाछापावर. मग १९१७ मध्यें मुंबई सरकारनें आपल्या कारभारांत मोडीऐवजीं बाळबोध लिपि चालविण्याचा निर्णय घेतला. शाळांतून मोडी वाचन तरीही चालूं राहिलें, दुकानाच्या वह्यांतून तर अधिकच. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, तें शाळांतूनही बंद झालें. त्या वेळीं प्राथमिक शाळेंत मोडीची तोंडओळख झालेलीं जीं मुलें होतीं तीं आज ऐंशीच्या पुढें आहेत.

ज्यांनीं ती बंद केली ते कांहीं मूर्ख नव्हते, आणि त्यांस इतिहासाचे वैरी म्हणणें हा अन्याय होईल. नवें राष्ट्र उभें राहत होतें. निम्म्याहून अधिक लोकांस कोणतेंच अक्षर येत नव्हतें. अशा वेळीं एका मुलास मराठीसाठीं दोन लिप्या, पुढें इंग्रजीसाठीं तिसरी, हा भार कशाला? बाळबोधीनें हिंदी व संस्कृत ह्यांचेंही दार उघडतें. मोडीनें तें उघडत नाहीं. आणखी एक गोष्ट बोलून दाखविलीच पाहिजे. मोडीच्या काळाचें कित्येक लेखक असें वर्णन करितात कीं जणूं प्रत्येक खेड्यांत घरोघरीं बोरू चालत होते. तसें मुळींच नव्हतें. जुन्या महजरांच्या व करारांच्या शेवटीं साक्षीदारांच्या सह्या पाहाव्या. कुळकर्णी व देशपांडे सही करितात. कुणबी नांगराची निशाणी काढितो. नांगर काढणाऱ्या त्या माणसास वर काय लिहिलें आहे हें कुळकर्णी सांगेल तितकेंच कळे, आणि कुळकर्णी नेहमींच खरें सांगे असें इतिहास म्हणत नाहीं. बाळबोधीच्या शाळेनें त्या कुणब्याच्या नातवाच्या हातीं लेखणी दिली. तें थोर कार्य झालें, आणि त्याबद्दल त्या शाळेचे आम्ही सर्व ऋणी आहों.

मात्र एक लिपि सर्वांस देणें आणि दुसरी सर्वांपासून काढून घेणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्या काळीं त्या एकच समजल्या गेल्या. परिणाम असा झाला कीं, नांगर काढणाऱ्याचा नातू पदवीधर झाला, परंतु आजाच्या कागदापुढें तो आजाइतकाच निरक्षर राहिला. पूर्वी मध्यें कुळकर्णी होता; आतां मध्यें पैसे घेऊन वाचणारा आहे. एवढाच फरक.

आणि हे कागद थोडेथोडके नाहींत. पुण्याच्या पेशवे दप्तरांत, म्हणजे आजच्या पुराभिलेखागारांत, रुमालांत बांधलेले जे मोडी कागद आहेत त्यांची गणना कोटींत करितात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. तरी तें समुद्रांतून घागर भरून घेण्यासारखेंच झालें. त्यापूर्वी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १८९८ पासून गांवोगांव पायपीट करून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून मोडी दप्तरें गोळा करीत होते. त्यांच्या साधनांचे बावीस खंड निघाले. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ हेंही १९१० मध्यें त्यांच्याच प्रेरणेनें उभें राहिलें. वाण्याच्या पुड्यांसाठीं रद्दींत गेलेल्या कागदांचा हिशेब कोण देणार? महाराष्ट्राबाहेर तंजावरासही भोसल्यांच्या राज्याचे मोडी कागद राशीनें पडले आहेत, आणि तेथें तर वाचकांचा दुष्काळ अधिकच.

हा केवळ पंडितांचा प्रश्न आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं २०२३ सालची गोष्ट आठवावी. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचें काम सरकारनें त्या वर्षीं हातीं घेतलें. आरक्षणाच्या वादांत कोणाची बाजू खरी हा आमचा विषय नव्हे. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून दप्तरें बाहेर निघालीं तेव्हां त्यांतील पुष्कळ नोंदी मोडींत निघाल्या, आणि त्या वाचावयास माणसें कोठून आणावींत हा प्रश्न अधिकाऱ्यांपुढें उभा राहिला. लाखों मुलांचें शिक्षण व नोकरी ज्या कागदावर अवलंबून, तो कागद हातांत आहे, आणि वाचणारा सांपडत नाहीं! शाळेंतून काढलेला एक तास सत्तर वर्षांनीं असा दारांत येऊन उभा राहतो.

लपेटीच्या इंग्रजी अक्षराबद्दल अमेरिकेंत आज जें चाललें आहे तें ह्याचेंच दुसरें रूप होय. तेथें २०१० मध्यें जे समान शैक्षणिक मानदंड ठरले, ज्यांचा बहुतेक राज्यांनीं स्वीकार केला, त्यांत जोडून लिहिण्याच्या अक्षरास स्थान नव्हतें. पुष्कळ शाळांनीं तें सोडून दिलें. थोड्याच वर्षांत राज्यें एकामागून एक मागें वळूं लागलीं. कॅलिफोर्नियानें २०२३ मध्यें कायदा करून पहिलीपासून सहावीपर्यंतच्या मुलांस तें अक्षर पुनः शिकविण्याचें ठरविलें. त्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागारास आपले जुने हस्तलिखित कागद उतरवून घेण्यासाठीं असें अक्षर वाचतां येणाऱ्या स्वयंसेवकांस हांक मारावी लागत आहे. अमेरिकनांस ही उणीव दहा-पंधरा वर्षांत जाणवली. आम्हांस ती जाणवावयास सत्तर वर्षें लागलीं, त्याचें एक कारण असें कीं आमच्यांत कागद वाचण्यापेक्षां तो कपाटांत ठेवण्याची आवड अधिक.

कोणी म्हणेल कीं आतां यंत्रें वाचतील. मोडीस संगणकाच्या युनिकोड ह्या जागतिक अक्षरमालेंत २०१४ मध्यें स्थान मिळालें, आणि रुडकीच्या आय. आय. टी.नें २०२५ मध्यें मोडी कागदाचें छायाचित्र पाहून तें देवनागरींत उतरविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची पद्धति प्रसिद्ध केली. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि कोट्यवधि कागदांपुढें माणसाची शक्ति तोकडी हेंही उघड आहे. परंतु यंत्रास शिकविण्यासाठींसुद्धां आधीं जाणत्या माणसांनीं वाचलेले कागद त्यापुढें ठेवावे लागतात. आणि यंत्रानें सुत वाचलें कीं सूत, धरावें वाचलें कीं मारावें, हें पडताळून पाहणारा कोणी नको काय? वाडीची हद्द ठरविणाऱ्या कागदावर न्यायालयांत यंत्राच्या भरंवशावर उभें राहण्याचा सल्ला आम्ही तरी कोणास देणार नाहीं.

मग शाळांनीं करावें काय? सर्व मुलांस मोडी सक्तीची करावी असें आमचें मत नाहीं. तसें झालें तर आणखी एक परीक्षा, आणखी एक मार्गदर्शक पुस्तक आणि आणखी एक नावड, एवढेंच हातीं लागेल. परंतु माध्यमिक शाळेंत, आठवी किंवा नववीस, आठवड्यांतून एक तास, एक वर्षभर, जो येईल त्यास मोडी शिकवावी, इतकें सहज करतां येण्यासारखें आहे. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे जे अल्प मुदतीचे वर्ग भरतात त्यांत थोड्या दिवसांत अक्षरओळख करून देतात. तेव्हां एका वर्षांत शाळेंतील मुलास ती येणार नाहीं असें नाहीं. प्रत्येक गांवांत अशीं चारपांच माणसें असलीं म्हणजे पुरे. पूर्वी तरी प्रत्येक गांवांत वाचणारे किती होते?

आणि शिकवावयाची ती लिहूनच शिकवावी, केवळ डोळ्यांनीं ओळखून नव्हे. ह्या बाबतींत आमचें मत अनुभवानें पक्कें झालें आहे. आम्ही आरंभीं अक्षरांचा तक्ता पुढें ठेवून वाचावयास बसलों, तेव्हां तक्त्यांतील अक्षर ओळखूं येई आणि कागदांतील येत नसे. कारण लेखकाच्या हातांत तें धांवतांना वांकडें झालेलें. मग बोरूनें रेघ ओढून रोज एक पान गिरविण्याचा क्रम ठेविला. हात कोठून निघतो, कोठें वळतो, कोणत्या घाईंत कोणता फाटा गाळतो, हें हातासच कळतें, आणि मग डोळा त्याच्या मागून जातो. इंग्रजी लपेटीच्या अक्षरासही हाच न्याय लागू आहे. मुलानें जन्मभर तसें लिहावें असा आग्रह नको. पण एकदां त्याच्या हातास ती वाट दाखविली असली म्हणजे आजीचें पत्र त्यास परकें होणार नाहीं. पालकांच्या त्या सभेंत आम्हीं एवढेंच सांगितलें, आणि शिक्षकांनीं तें मान्य केलें असें दिसलें. पालकांविषयीं तशी खात्री देतां येत नाहीं.

तोंपर्यंत ज्यांच्या घरीं मोडी कागद असतील त्यांस दोन सूचना. कागद प्लास्टिकच्या पातळ आवरणांत तापवून चिकटवूं नये, आणि फाटला म्हणून त्यावर चिकटपट्टी लावूं नये. दोन्हींनीं तो कायमचा नासतो. घडी हलक्या हातानें उलगडून सपाट, कोरडा ठेवावा, आणि स्वच्छ उजेडांत त्याचें छायाचित्र घ्यावें. दुसरें, त्यांतील साल पाहून घाबरूं नये. पेशवाईच्या कागदांत इसवी सन नसतो. अरबी संख्याशब्दांत लिहिलेला सुहूर सन असतो, आणि तो मृग नक्षत्रास पालटतो. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पांच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. सलासीन म्हणजे तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास. मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. एकं आधीं, दहं मग, शतक व हजार शेवटीं. आलेल्या आंकड्यांत जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवावे, मृगापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९. उदाहरणार्थ, तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार मिळून ११३९. कागद वैशाखांतला असला तर त्यांत ६०० मिळवून १७३९. चिमाजी आप्पांनीं वसई घेतली तें हेंच साल.